विकलेली गाडी, माझ्या नावावर नऊ चलान. आता काय करू?

महालकर
नमस्कार मंडळी. धागा थोडा लांबेल पण मदत पाहिजे आहे, त्यामुळे वाचा.

माझी २०१३ ची स्प्लेंडर, एमएच ३१ पासिंग. मागच्या वर्षी दसऱ्याच्या आसपास नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या एका मेकॅनिकला अठरा हजारात देऊन टाकली, बारा वर्षं याच माणसाकडे गाडी दुरुस्त करत आलो, त्यामुळे विश्वासाचा माणूस. आरसी दिली, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या टीटी फॉर्मवर सह्या केल्या (तारीख टाकली नाही, खरेदीदाराचं नावही टाकलं नाही, तो म्हणाला गिऱ्हाईक आलं की मी भरतो साहेब), पैसे गूगल पेवर आले, पेढा खाल्ला, विषय संपला.

परवा महाल भागातल्या जुन्या घरी एक नोटीस आली. मोठ्या दादाने फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "काय बे, तू टिबल सीट कवापासून फिरून रायला?"

साईटवर नंबर टाकून पाहिला तर नऊ चलान. सहा हजार रुपये. आणि प्रत्येकाला फोटो. एका फोटोत तीन पोट्टे बसले आहेत, मधल्याच्या मांडीवर क्रिकेटची किट बॅग, चालवणाऱ्याच्या कोपरात हेल्मेट लटकलेलं, म्हणजे हेल्मेट आहे पण डोक्यावर नाही. दुसऱ्यात एकटाच आहे, मान खांद्याकडे वाकवून मोबाईल दाबलेला. गाडी माझीच, शंकाच नाही, कारण मागच्या मडगार्डवर माझ्या पोरीने पहिलीत असताना चिकटवलेला छोटा भीम आहे, डोकं उडालेलं, लाडू तेवढा शिल्लक.

हे मी का भरायचं? मी तर गाडी विकली ना? आणि आजपर्यंत एकही एसएमएस आला नाही हे कसं काय?

तर्री_जास्त
वाचनखूण साठवली. पॉपकॉर्नऐवजी पोहे घेऊन बसलो.

वैदर्भीय_विजू
भाऊ एसएमएसचं मी सांगतो, आरसीला कोणता मोबाईल नंबर जोडला हाय ते पाहा. त्या काळात शोरूमवाले आपलाच नंबर टाकून द्यायचे फॉर्ममध्ये, गिऱ्हाईकाले विचारायचेच नाई. माझ्या वडिलाच्या गाडीचं असंच झालं, तीन वर्षांचे मेसेज कोणाच्या तरी मोबाईलवर जाऊन रायले होते, तो बिचारा काऊन सांगंल?

महालकर
विजूभाऊ बरोबर. आत्ता पाहिलं, शेवटचे चार आकडे माझे नाहीतच.

काळाकोट
वकील आहे, पण हा सल्ला फुकटचा आहे, त्या भावानेच घ्या.

महालकर, तुम्ही गाडी विकली नाही. तुम्ही गाडी दिली. कायद्याच्या भाषेत मालक कोण, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे नोंदणी ज्याच्या नावावर तो. पैसे घेतले, चावी दिली, पेढा खाल्ला, यातलं काहीही त्या व्याख्येत बसत नाही. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं (फॉर्म २९), घेणाऱ्याने तीस दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायची असते (फॉर्म ३०). तुम्ही दोन्हींवर कोऱ्या सह्या करून मेकॅनिकच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या. तो कागद अजून तिथेच असणार, लिहून देतो.

आता चलानाचं सोडा, सहा हजार ही काही रक्कम नाही. त्या गाडीने उद्या कोणाला उडवलं तर काय, ते आधी विचारा. इन्शुरन्स चालू आहे का?

महालकर
माझा इन्शुरन्स गाडी दिली त्याच्या दुसऱ्याच महिन्यात संपणार होता. पुढे त्यांनी काढला की नाही माहीत नाही.

काळाकोट
नसेलच काढला. मग ऐका. सुप्रीम कोर्टात २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार असं प्रकरण निकाली निघालं. विजय कुमारने गाडी विकली, घेणाऱ्याने पुढे विकली, त्याने अजून पुढे, शेवटी ती नवीन कुमारकडे आली. आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच. २००९ मध्ये अपघात झाला, त्यात एक मुलगा गेला. हायकोर्ट म्हणालं की ज्याच्या ताब्यात होती त्याने भरपाई द्यावी. सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं, म्हणालं, ज्याचं माणूस गेलं त्याने गाडी किती हातांतून फिरली हे शोधत बसायचं का? नोंद ज्याच्या नावावर तो जबाबदार. म्हणजे ज्याने कधीच गाडी विकली असं समजून हात झटकले होते, तोच भरपाईला उभा.

ही रक्कम लाखांत जाते आणि तिला वरची मर्यादा नाही. इन्शुरन्स असेल तर कंपनी भरते. नसेल तर तुमचा फ्लॅट आहे ना मनीषनगरला?

तर्री_जास्त
वकीलसाहेब, माणूस महालातून मनीषनगरला कसाबसा पोचला, त्याले परत पाठवता का?

आभा_धंतोली
इथे सहसा लिहित नाही, आज लिहिते.

माझ्या धाकट्या भावाला एका बाईकने राँग साईडने येऊन ठोकलं होतं. पाय दोन ठिकाणी मोडला, रॉड टाकला, कॉलेजचं वर्ष गेलं. चालवणारा मुलगा पळाला नाही, उलट त्यानेच रिक्षा थांबवली, ते कबूल करते. पण त्याच्याकडे लायसन नव्हतं, गाडीला इन्शुरन्स नव्हता आणि गाडी तिसऱ्याच कोणाच्या नावावर. आम्ही अपघात भरपाईच्या ट्रिब्युनलमध्ये क्लेम टाकला. वकिलांनी मालकाचा पत्ता काढला, तिथे गेलो तर ते गृहस्थ म्हणाले, मी कधीच विकली. कोणाला? आठवत नाही, एजंट होता. त्यांना समन्स मिळायलाच वर्षाच्या वर गेलं. ते काही वाईट नव्हते. महालकरांसारखेच, सरळ नोकरदार माणूस, कोर्टात रडायला आले होते.

तुम्ही "मी का भरायचं" असं लिहिलंत ना, ते वाचून मला ते आठवले. रागाने नाही लिहीत. पण तुम्ही कृपा करून उद्याच त्या मेकॅनिककडे जा.

महालकर
आभाताई, जातो. खरंच.

निवृत्त_नाना
एसटीत एकतीस वर्षे ड्रायव्हर होतो, एकही अपघात नावावर नाही, म्हणून चार शब्द बोलायचा हक्क आहे असे समजतो. राँग साईडचा विषय आलाच आहे तर बोलतो. आपल्या नागपुरात लोकांना ते गुन्हा वाटतच नाही. वर्धा रोडवर डबल डेकर पूल झाला, खाली रस्ता, वर पूल, त्यावर मेट्रो, सगळं झालं, पण यूटर्न अर्धा किलोमीटर लांब आहे म्हणून डॉक्टर, प्राध्यापक, सगळे शिकलेले लोक दुभाजकाला चिकटून उलटे येतात, लाईट लावून येतात वरून, जणू आपणच चुकलो. २०१९ ची दुरुस्ती झाली तेव्हापासून उलट दिशेने चालवणे हे धोकादायक ड्रायव्हिंगच्या कलमात, १८४ मध्ये, नाव घेऊन लिहिलेले आहे. सिग्नल तोडणे आणि हातात मोबाईल धरणेही त्यातच. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते किंवा एक ते पाच हजार दंड. कोणाला ठाऊक आहे? लोकांना वाटते पाचशेची पावती.

बिनधास्त_बर्डी
नाना, आधी रस्ते नीट करा म्हणा, मग दंड घ्या. अर्धे चौक खोदलेले, पांढरे पट्टे दिसत नाहीत, स्टॉप लाईन कुठे आहे ते कॅमेऱ्यालाच माहीत. त्यात डिसेंबरात अधिवेशन आलं की व्हीआयपींसाठी अर्धं शहर बंद. सामान्य माणूस राँग साईडने नाही जाणार तर काय उडून जाईल?

निवृत्त_नाना
खड्डा आहे म्हणून हळू चालवावे लागते, उलटे चालवावे लागत नाही.

तर्री_जास्त
नानांना दंडवत.

पुणेरी_पाहुणा
सहा महिने कैद वगैरे कागदावर. प्रत्यक्षात कोण आत गेलंय? आमच्याकडे मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला काय झालं आठवा, गाडीच्या धडकेत दोन इंजिनिअर गेले आणि चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना आधी काय सांगितलं, तर तीनशे शब्दांचा निबंध लिही.

काळाकोट
पाहुणे, तो आदेश नंतर बोंबाबोंब झाल्यावर बदलला गेला आणि वडिलांनाही अटक झाली हेही आठवा. पण मुद्दा चांगला काढलात, कारण माझ्या डोक्यात एक प्रश्न आला. महालकर, फोटोतला पोट्टा किती वर्षांचा वाटतो?

महालकर
पोट्टाच आहे हो. मिसरूड आहे नाही आहे. क्रिकेटच्या किटवर शाळेचं नाव दिसतं आहे.

काळाकोट
झालं. कलम १९९ए वाचा आता. अठराच्या खालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं पण ते बिनगिअरच्या पन्नास सीसीच्या आतल्या गाडीचं, स्प्लेंडर त्यात येत नाही.

घाबरू नका, सुटकाही त्याच कलमात आहे. मला माहीत नव्हतं किंवा मी पुरेशी काळजी घेतली होती, हे मालकाने सिद्ध केलं तर तो सुटतो. पण सिद्ध तुम्ही करायचं, सरकारने नाही. आणि कॅमेऱ्याला वय कळत नाही, त्यामुळे चलानात हे कलम दिसणार नाही, ते लागतं कोणी हाताला धरून थांबवलं तर किंवा कोणी पडलं तर.

गूगल पेची एंट्री आहे ना? तिचा स्क्रीनशॉट काढा आजच. तुमच्याकडे तेवढाच पुरावा आहे.

महालकर
एंट्री आहे. नोट मध्ये मेकॅनिकने "गाडी भाऊ" असं लिहिलं होतं. हसावं की रडावं.

वैदर्भीय_विजू
अवांतर, पण याच विषयातलं हाय म्हणून सांगतो. चलान भरा, अशी लिंक व्हाट्सअपवर आली तर दाबू नका. आमच्या कॉलनीतल्या एका काकाले आरटीओ चलान नावाची एपीके फाईल आली, त्यायनं उघडली, मोबाईल अर्धा तास गरम झाला आणि खात्यातले अठ्ठेचाळीस हजार गेले. खरं चलान कधीच फाईल पाठवत नाई. सरकारी साईटवर सोता जाऊन नंबर टाकायचा. त्या काकाच्या गाडीवर एकही चलान नव्हतं बाप्पा, गाडी तीन वर्षांपासून पार्किंगमध्ये उभी हाय.

रात्रपाळी
विजूभाऊंनी अवांतर काढलंच आहे तर माझंही घ्या. ३१ डिसेंबरची गोष्ट, कुठला चौक ते सांगत नाही. दोन बिअर झाल्या होत्या, मला वाटलं दोनने काय होतं. मशीनमध्ये फुंकलो, आकडा आला ६१. मर्यादा शंभर मिलीलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम. मी म्हणालो साहेब पावती फाडा, किती होतात? ते हसले. म्हणाले ह्याची पावती नसते, हे कोर्टात जातं. गाडी ठेवून घेतली, रात्री दोन वाजता चालत घरी आलो, बायको दारातच उभी.

कोर्टात दिवसभर बसलो. माझ्यासारखे पंधरावीस जण, सगळे इस्त्रीचे शर्ट घालून, कोणी कोणाकडे पाहत नाही. कलम १८५, पहिल्यांदा दहा हजार दंड किंवा सहा महिने किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा पंधरा हजार किंवा दोन वर्षांपर्यंत किंवा दोन्ही. मला दहा हजार झाला. त्यावर लायसन तीन महिने सस्पेंड. सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं आहे की दारू, सिग्नल, मोबाईल, वेग, ह्या सगळ्यांत कमीत कमी तीन महिने लायसन काढून घ्या. तीन महिने मी सिटी बसने कामाला गेलो. ऑफिसात सांगितलं पेट्रोल वाचवतोय, पर्यावरण वगैरे. आजही दोन लोकांना ते खरं वाटतं.

तर्री_जास्त
आता इथे हजारेक लोकांना खोटं कळलं.

सुमेधा_एस
एक विचारू का, माझ्या नवऱ्याचा पासपोर्ट रिन्यूला टाकायचा आहे आणि त्याच्या नावावर समृद्धीवर वेगाचं चलान आहे, एकशे वीसच्या जागी एकशे अडतीस, दोन हजार रुपये. पोलीस व्हेरिफिकेशनला अडचण येते का?

काळाकोट
कॅमेऱ्याच्या चलानाने नाही. पासपोर्ट अडतो तो फौजदारी केस कोर्टात चालू असेल तर. म्हणजे रात्रपाळी यांची केस पेंडिंग असताना अर्ज केला असता तर विचारणा झाली असती. किंवा कोणाला ठोकलं आणि भारतीय न्याय संहितेचं २८१ लागलं, म्हणजे जुन्या दंड संहितेचं २७९, बेदरकार चालवणं. माणूस गेला तर १०६, त्यात आता पाच वर्षांपर्यंत आहे, जुन्या ३०४ए मध्ये दोनच होती. जुलै २०२४ पासून हे नवे आकडे.

तरी चलान भरून टाका वहिनी. बाकी राहिलं की गाडी विकताना नाव बदलत नाही, तिथे अडतं.

बिनधास्त_बर्डी
१०६ म्हणजे तेच ना, ज्याच्यामुळे २०२४ च्या जानेवारीत ट्रकवाल्यांनी संप केला आणि आपण पेट्रोलसाठी रात्री अकरा वाजता रांगेत उभे होतो? दहा वर्षं शिक्षा होती ना त्यात?

काळाकोट
ते १०६ चं दुसरं उपकलम, ठोकून पोलिसांना न कळवता पळून गेला तर दहा वर्षं. ते बाजूला ठेवूनच बाकीचा कायदा लागू केला. मी बोललो ते पहिलं उपकलम, ते चालू आहे.

महालकर
अपडेट. चार दिवस गायब होतो, माफ करा.

मेकॅनिककडे गेलो. काळाकोट साहेब, तुमच्या तोंडात साखर पडो किंवा पडू नये कळत नाही, टीटी फॉर्म खरंच ड्रॉवरमध्ये होते. स्पार्क प्लगच्या डब्याखाली, ऑईलचे डाग पडलेले, माझ्या दोन्ही सह्या तशाच. तो म्हणाला, "साहेब मी तर त्याले म्हटलं होतं नाव लावून घे, तो आलाच नाई." घेणारा जयताळ्याचा, हिंगणा एमआयडीसीत कामाला. नंबर होता. दोघं मिळून गेलो संध्याकाळी.

दोन खोल्यांचं घर, बाहेर गाडी उभी, छोटा भीम दिसला आधी. वडील रात्रपाळीला निघायच्या तयारीत होते. मी मोबाईलवर फोटो दाखवले एकेक. माणूस काही बोललाच नाही. मग हाक मारली, पोरगा आतून आला, सतरा वर्षांचा, दोन महिन्यांनी अठरा होतो. वडील म्हणाले, "हे तू हायस का?" पोरगा म्हणाला हो. वडील रात्रपाळी करून सकाळी झोपतात, गाडी दिवसा रिकामी असते, पोरगा ग्राउंडवर घेऊन जातो, रस्त्यात मित्र भेटतात.

मी विचारलं, चौकात कॅमेरे आहेत, तुला भीती नाही वाटली? तर तो अगदी सरळ म्हणाला, "काका, पहिल्यांदा वाटली होती. मग घरी काहीच आलं नाई. मले वाटलं कॅमेरे बंद हायेत."

त्याच्या घरी काहीच येत नव्हतं कारण सगळं महालात माझ्या नावाने जात होतं, आणि मेसेज त्या शोरूमवाल्याच्या नंबरवर. सात वेळा त्याचा फोटो निघाला आणि सातही वेळा त्याला वाटलं की कोणी पाहत नाही. मी सांगतो, तिथे मला त्याचा राग येईना.

वडिलांना इन्शुरन्सचं विचारलं. नव्हता.

आभा_धंतोली
इन्शुरन्स त्याच रात्री काढला का?

महालकर
हो ताई, मेकॅनिकने तिथेच मोबाईलवर थर्ड पार्टी काढला, मी उभा राहून पॉलिसीची कॉपी माझ्या व्हॉट्सअॅपवर घेतली. गाडीची चावी वडिलांनी स्वतःच्या खिशात घातली. किती दिवस राहील देव जाणे.

काळाकोट
चांगलं केलंत. आता क्रम नीट पाळा. आज तारखेचं ताबा पत्र लिहून घ्या, त्यात गाडी कधी दिली ती तारीख, वेळ सुद्धा, दोघांच्या सह्या, आधारची झेरॉक्स. मग तुम्ही दोघं मिळून आरटीओ. आणि ते नऊ चलान त्याआधी कोणीतरी भरलेच पाहिजेत. लोकअदालतीत जाऊन "गाडी माझ्याकडे नव्हती" असा वाद घालू नका, तिथे तडजोड होते, वाद नाही. वाद घालायचा तर साईटवर तक्रार टाका किंवा कोर्टात या, पण सहा हजारांसाठी तुमचे सहा दिवस जातील.

एक मात्र खटकतंय. तुम्ही आधी नऊ चलान म्हणालात, आता पोराचे सात म्हणताय. बाकीचे दोन?

तर्री_जास्त
आला, आला. उलटतपासणी.

महालकर
हे विचारू नका म्हणून मी देवाला नारळ बोललो होतो.

दोन माझे आहेत. तारखा पाहिल्या तर गाडी विकण्याआधीच्या, जून आणि ऑगस्ट. एक शंकरनगर चौकातलं सिग्नलचं. दुसरं हेल्मेटचं. फोटो उघडला तर मीच, ऑफिसची बॅग, शर्ट इन केलेला, आणि हेल्मेट, आता काय सांगू, कोपराला. त्या पोराच्या फोटोशेजारी ठेवला तर पोझ एकच आहे.

पहिल्या दिवशी मी सहा हजारांवर एवढा चिडलो होतो की तारखा पाहिल्याच नाहीत. जयताळ्याला त्या पोराला भाषण देताना हे दोन फोटो मोबाईलमध्ये होते माझ्या. बायकोला कळलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "त्याला दाखवलेस का?" नाही दाखवले.

निवृत्त_नाना
कबूल केलेत हे उत्तम. लोक इथे तेही करत नाहीत.

बिनधास्त_बर्डी
महालकर, आता तुम्ही आमच्यातले.

वैदर्भीय_विजू
पैसे कोणं भरले मग?

महालकर
माझे हजार मी. राहिले पाच हजार, तीन हेल्मेटचे पाचशेप्रमाणे, दोन ट्रिपल सीट हजार हजार, मोबाईलचे हजार, सिग्नलचे पाचशे. त्या माणसाला पगार झाल्याशिवाय पाच हजार शक्य नव्हते. मेकॅनिक म्हणाला दोन मी देतो, चूक माझीही हाय, ड्रॉवरमध्ये कागद मीच ठेवला. तीन वडिलांनी दिले, पोराच्या किटसाठी बाजूला ठेवलेले होते असं नंतर मेकॅनिककडून कळलं. मी देतो म्हणालो होतो, घेतले नाहीत.

काल गिरीपेठेच्या आरटीओत दोन चकरा झाल्या, पहिल्यांदा मोबाईल नंबर बदलायचा होता तो राहून गेला म्हणून परत. शेवटी ओटीपी आला. बाहेर चहा घेतला तिघांनी. मी त्यांना म्हटलं आता चलान आलं तर मेसेज तुम्हालाच येईल हो. ते म्हणाले, "येऊ द्या. माझा मोबाईल पोराजवळच राहते दिवसभर."

तर्री_जास्त
हे म्हणजे कमालच झाली. कॅमेऱ्याने फोटो काढायचा कोणाचा आणि मेसेज वाचायचा कोणी.

आभा_धंतोली
महालकर, बरं केलंत. माझ्या भावाचा क्लेम मागच्या महिन्यात मंजूर झाला, ते सांगायचं राहिलं होतं. ते गृहस्थ हप्त्याने देतायत.

महालकर
ताई, हे वाचून काय लिहावं कळत नाही. भावाला नमस्कार सांगा.

धागा बंद करण्याआधी एक छोटी मदत. नंबर टाकून पाहायची आता सवयच लागली आहे, तर आज सकाळी बायकोच्या स्कूटीचा टाकला. एक चलान, मंगळवारचं, लॉ कॉलेज चौक. पुढे ती, हेल्मेट घातलेलं, व्यवस्थित बेल्ट लावलेला. मागे मी. बिनहेल्मेटचा.

काळाकोट
कलम १२९. चालवणारा आणि मागे बसणारा, चार वर्षांवरच्या सगळ्यांना.

महालकर
माहीत आहे हो साहेब, तिने आधीच ऐकवलं. बर्डीवर मोठ्या डोक्याचं हेल्मेट कुठे चांगलं मिळेल? माझं जुनं गाडीबरोबर मेकॅनिककडे गेलं.

वैदर्भीय_विजू
फुटपाथवरचं घेऊ नका, आतून नुसता थर्माकोल असते. आयएसआयचा शिक्का पाहा. आणि भाऊ, तुमचं जुनं कुठं गेलं मले समजलं. त्या पोट्ट्याच्या कोपराले होतं ना, फोटोत?